सकाळी विझवलेला तरवा दुपारी पेटला: सातारच्या डोंगरातील एका वणव्याचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेकडील डोंगरातील एका गावाचं आहे. गावाचं नाव आणि साल दिलेलं नाही. माणसं ओळखू येतील असे तपशीलही बदलले आहेत. मी शेजारच्या माध्यमिक शाळेत भूगोल शिकवतो आणि गावाच्या वन समितीचं दप्तर लिहितो. त्या दुपारी मी तिथे होतो. पुढे ज्या चुका सांगितल्या आहेत त्यांपैकी एक माझी आहे.

पार्श्वभूमी

गाव नव्वद उंबऱ्यांचं. जावळी, पाटणच्या बाजूला असतात तसंच, निम्म्या घरांना वर्षातील दहा महिने कुलूप. कर्ती माणसं नवी मुंबईत माथाडी कामावर, तर नवी पिढी तिथल्याच कार्यालयांत. गावात उरतात ती म्हातारी माणसं, बाया आणि शाळकरी पोरं. जनावरं कमी झाली तशी डोंगरावरच्या गवताची कापणी थांबली. पूर्वी दिवाळीनंतर प्रत्येक घरामागे दोन-तीन गंज्या उभ्या राहायच्या. आता अख्ख्या गावात मिळून पाच-सहा दिसतात. जे गवत कापलं जात नाही, ते उन्हाळ्यात उभं वाळतं.

गावाच्या वर डोंगराची एक सोंड चढत जाते आणि धारेला, म्हणजे माथ्याच्या कडेला, मिळते. धारेपलीकडे राखीव वन आहे. धारेच्या अलीकडे, सोंडेच्या डोक्यावर देवराई: जांभूळ, आंजन, हिरडा आणि दोन-तीन माणसांच्या कवेत न मावणारे ऐन. देवराईच्या पोटात एक झरा आहे. त्याचं पाणी काळ्या प्लॅस्टिकच्या नळीतून उताराने थेट गावाच्या टाकीत येतं. गावाला दुसरं पाणी नाही.

वणव्याचा सरकारी हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून असा मानतात. त्याआधी जाळरेषा तयार हव्यात, म्हणजे धारेवरच्या पट्ट्यातलं गवत नियंत्रणात जाळून टाकायचं, म्हणजे पुढे आग आली तर तिला खायला काही उरत नाही. आमच्या धारेवर अशी दोन किलोमीटर जाळरेषा दरवर्षी जानेवारीत होते. कामाची पद्धत पिढ्यान् पिढ्यांची आणि चांगली आहे. पण ती एका ठरावीक ऋतुचक्रावर बेतलेली आहे.

अडचण कशी साचत गेली

त्या वर्षी पाऊस लांबला. ऑक्टोबर भिजतच गेला आणि नोव्हेंबरच्या शेवटी अवकाळीच्या दोन मोठ्या सरी आल्या. कुसळी गवत खांद्याला लागलं. जानेवारीत वनमजूर जाळरेषेवर गेले तेव्हा वरचं गवत पिवळं झालेलं, पण बुडखा हिरवा. काडी लावली की धूर व्हायचा, जाळ धरेना. दोन आठवडे थांबायचं ठरलं. तो निर्णय त्या वेळी कुणालाच चुकीचा वाटला नाही.

मग फेब्रुवारी तापला. एका आठवड्यात पारा इतका चढला की गवत मुठीत धरलं की चुरा व्हायचं. आता ते जाळणं म्हणजे स्वतःच वणवा लावणं. राहिलेलं काम थांबवलं गेलं. दोन किलोमीटरपैकी सहाशे मीटर जाळरेषा अपुरी राहिली आणि नेमकी ती देवराईच्या माथ्यावरची होती.

इथे थोडं थांबून सांगायला हवं. सह्याद्रीत वणवा बहुतेक वेळा माणसामुळेच लागतो: विडी, बांध पेटवणं, नवं गवत चांगलं फुटेल म्हणून लावलेली आग. हवामान बदलामुळे काडी पेटत नाही. त्यामुळे बदलतं ते गवत किती वेगाने वाळतं आणि आग किती वेळ जिवंत राहते हे. हवेचं तापमान एका अंशाने वाढलं की तिची बाष्प धरून ठेवण्याची ताकद साधारण ७ टक्क्यांनी वाढते. वर्गात मी हे असं मांडतो: ३० अंशांच्या हवेत आर्द्रता ४० टक्के असेल आणि बाष्प तेवढंच ठेवून पारा ३५ वर गेला, तर आर्द्रता ३० टक्क्यांवर येते. हवा तहानलेली होते आणि ती तहान गवतातून भागवते. लाकडाचा ओंडका वाळायला महिने लागतात, गवताची काडी तासाभरात हवेशी जुळवून घेते. मार्च २०२२ हा सरासरी कमाल तापमानाच्या हिशेबात देशात १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण मार्च ठरला आणि फेब्रुवारी २०२३ हा त्याच हिशेबात सर्वांत उष्ण फेब्रुवारी. ज्या दोन महिन्यांत आमचे तरवे (भाताच्या रोपांचे वाफे) भाजून व्हायचे, तेच महिने आता भरवशाचे राहिलेले नाहीत.

त्या शनिवारी काय घडलं

मार्चचा तिसरा आठवडा. गावच्या यात्रेसाठी मुंबईकर आलेले. सत्तरी ओलांडलेल्या एका शेतकऱ्याने, त्यांना इथे तात्या म्हणू, सकाळी साडेसहाला भाताच्या तरव्याचा राब भाजला. शेण, पालापाचोळा, वर मातीचा थर, अगदी रीतीप्रमाणे. हवा पडलेली होती. नऊपर्यंत जाळ संपला, त्यांनी दोन हंडे पाणी मारलं आणि घरी आले.

शेण आतून धुमसत राहतं. पूर्वी ते धुमसून दुपारपर्यंत राख व्हायचं. त्या दिवशी शाळेच्या भिंतीवरचा तापमापक ३७ दाखवत होता आणि अडीचच्या सुमारास दरीतून वर चढणारा वारा सुटला. निखारा उडून बांधावरच्या गवतात पडला.

तात्यांनी कुणाला हाक मारली नाही. ओलं पोतं घेऊन ते एकटेच वीस मिनिटं आग झोडपत राहिले. नंतर वनरक्षक मॅडमनी त्यांना विचारलं, तेव्हा ते खाली बघूनच बोलले, "सकाळीच इझवलं हुतं ओ मॅडम. केस हुईल म्हणून भ्यालो."

त्या वीस मिनिटांत बांधावरची आग सोंडेला लागली.

पावणेतीन, तीनच्या दरम्यान मैदानावर खेळणाऱ्या पोरांनी धूर पाहिला. मी वनरक्षक मॅडमना फोन केला, त्या दुसऱ्या गावात होत्या. "सर, मी निघाले. कुणाला वर सोडू नका," एवढंच त्या बोलल्या. पण माझा फोन संपेपर्यंत नऊ तरुण निरगुडीच्या डहाळ्या तोडून सरळ सोंडेने वर पळाले होते. सोळा वर्षांच्या दोघांना मी हाताला धरून थांबवलं आणि पाण्याच्या कामाला लावलं. बाकीच्यांना थांबवलं नाही. मला वाटलं, लवकर पोचले तर आवरतील. हीच माझी चूक.

समोर कोणते पर्याय होते

मॅडम तीन-पस्तीसला दोन वनमजूर आणि दोन ब्लोअर (हवेच्या झोताने आग विझवायची यंत्रं) घेऊन देवळापाशी पोचल्या. नगरपालिकेचा बंब खालच्या रस्त्यापर्यंत येऊ शकत होता, डोंगरावर नाही. त्याला गावाच्या बाजूच्या गंज्यांपाशी उभं करायचं, हे पाच सेकंदांत ठरलं. खरा प्रश्न सोंडेचा होता.

पहिला पर्याय, आगीच्या तोंडाला वरून सामोरं जायचं. मुलं नेमकी तेच करत होती. तो सर्वांत धोक्याचा आहे. चढावर ज्वाळा पुढच्या गवताकडे झुकतात, ते आधीच तापवतात. उतार १० अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो असा ठोकताळा आहे. आमच्या सोंडेशेजारी एक घळ आहे. ती धुराड्यासारखी आग ओढते. ११ मार्च २०१८ रोजी तमिळनाडूच्या थेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या डोंगरात गिर्यारोहकांचा जीव गेला, तो अशाच गवताळ चढावर. जून २०२४ मध्ये उत्तराखंडच्या बिनसर अभयारण्यात आग विझवायला गेलेले वन कर्मचारीच तिच्या तावडीत सापडले.

दुसरा पर्याय, आगीच्या शेपटाकडून, म्हणजे मागून, जळून काळ्या झालेल्या भागात पाय ठेवून दोन्ही कडा झोडपत वर जायचं. सुरक्षित, पण मंद. अकरा-बारा माणसांत ते तोंडाला गाठणं शक्य नव्हतं.

तिसरा, सोंड जळू द्यायची, धारेखालची पाऊलवाट रुंद करायची आणि तिथून खाली काउंटर फायर सोडायचा, म्हणजे आग वर येईपर्यंत तिच्यासाठी काही उरणार नाही. यासाठी वारा पडायला हवा, नाहीतर आपणच लावलेली आग आपल्या अंगावर येते.

मॅडमनी तिसरा पर्याय धरला आणि दुसऱ्यासाठी तीन माणसं दिली. माझ्या मते तो निर्णय बरोबर होता. चाळीस एकर गवत सोडून द्यायला धीर लागतो, विशेषतः ज्यांचं गवत आहे ते शेजारी उभे असताना. साडेचारला काउंटर फायर सुरू करायचा असं ठरलं. त्याआधी त्या नऊ जणांना खाली आणायचं होतं.

जिथे सगळं फिरलं

वर फोनला रेंज नव्हती. शिट्टी कुणाकडे नव्हती. आम्ही हाका मारल्या, वाऱ्यात त्या विरल्या. शेवटी एक वनमजूर काळ्या भागातून चढून गेला आणि त्यांना परत वळवलं. आठ जण उतरले. बावीस वर्षांचा एक मुलगा वाटेत बसला, मग आडवा झाला.

तो यात्रेसाठी तीनच दिवसांपूर्वी आलेला, एरवी वातानुकूलित कार्यालयात बसून काम करणारा. अंगाने धडधाकट. शरीराला उन्हातल्या कष्टाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. त्याचे तीनच दिवस झाले होते. अंगात खेळाची पॉलिएस्टरची जर्सी, पायात साधे बूट. सकाळपासून पाणी किती प्यायलास या प्रश्नाला त्याने स्वतःच्या मोटरसायकलबद्दल काहीतरी सांगितलं. बोलणं असंबद्ध होणं हे उष्माघाताचं चिन्ह आहे, हे मॅडमनी लगेच ओळखलं. माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं.

पुढचे दोन निर्णय त्यांनी एका दमात घेतले. पहिला, त्याला उचलून पळायचं नाही, आधी जागच्या जागी थंड करायचं. ओढ्याकाठच्या सावलीत त्याची जर्सी काढली आणि आमच्याकडच्या वीस-वीस लिटरच्या तिन्ही कॅनचं पाणी त्याच्या अंगावर, मानेवर, काखेत ओतलं. दोघे टॉवेलने वारा घालत राहिले. ते पाणी सगळ्यांच्या पिण्याचं होतं. कुणीतरी म्हणालं, "मॅडम, मग आम्ही काय पिणार?" त्यांनी मान वर न करता सांगितलं, "कमी माणसं कामावर राहतील, मग पाणी पण कमी लागेल."

दुसरा, काउंटर फायर पुढे ढकलायचा. चार माणसं झोळी उचलायला गेली, उरलेल्यांना पाण्याविना धारेवर पाठवायला त्यांनी नकार दिला. पाणी येईपर्यंत सव्वा तास गेला. त्या सव्वा तासात आग अपुऱ्या जाळरेषेतून देवराईच्या कडेत शिरली आणि झऱ्याची नळी वितळत खाली आली.

मी तेव्हा त्यांच्याशी वाद घातला होता. देवराई जातेय, अर्धी माणसं तरी पाठवा, असं मी म्हणालो. आज मला वाटतं, तसं केलं असतं तर आणखी दोन-तीन जण त्याच्यासारखे पडले असते. आधीच सगळे तासभर ज्वाळांसमोर होते. उन्हातल्या जड कामात दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी लागतं, तहान लागो वा न लागो. तिथे घोटभरही नव्हतं.

पाच-पन्नासला, सूर्य कलल्यावर वारा मंदावला, तेव्हा पाऊलवाटेवरून काउंटर फायर सोडला. दोनपैकी एकच ब्लोअर चालला. दुसऱ्याचं पेट्रोल संपलेलं आणि भरायला कुणी आणलं नव्हतं. साडेसातला दोन्ही आगी समोरासमोर येऊन बसल्या. बुंध्यांत धुमसणारे निखारे विझवायला रात्रीचे पावणेदहा झाले. जुनी माणसं सांगतात की पूर्वी दहिवराने रात्री आग आपोआप मरायची. त्या रात्री दव पडलंच नाही, धारेवरही हवा कोमटच होती. जगभरात उपग्रहांच्या नोंदींवरून हेच दिसतं, रात्री आग पूर्वीसारखी थंडावत नाही. विझवणाऱ्याला मिळणारी विश्रांतीची वेळ त्यामुळे कमी होते.

उपग्रहाचा इशारा आम्हाला मध्यरात्रीनंतर मिळाला. त्यात उपग्रहाचा दोष नाही. भारतीय वन सर्वेक्षण ज्या उपग्रहांच्या आधारे संदेश पाठवतं, त्यांतले ३७५ मीटरपर्यंतचं बारीक टिपणारे उपग्रह आपल्यावरून दुपारी आणि रात्री दीडच्या आसपास जातात. अडीचला लागलेली आग त्यांना पुढच्या फेरीतच दिसते. आमच्या भागात वारा अडीचलाच सुटतो. डोळ्यांनी धूर पाहणारा माणूस धारेवर असायलाच हवा, हे त्या रात्री कळलं.

निष्पत्ती

मुलगा तीन दिवस दवाखान्यात होता. मूत्रपिंडावर ताण आला होता, तो उतरला. दुसऱ्या एकाच्या पोटरीला पॉलिएस्टरची विजार वितळून चिकटली, त्याची जखम भरायला महिना लागला. कुणाचा जीव गेला नाही.

जळालेल्या कडेने मोबाइलवर नोंद घेत मी आणि दोन विद्यार्थी चाललो, क्षेत्र एकेचाळीस हेक्टर भरलं. देवराईची पश्चिम कड गेली, मधले मोठे ऐन वाचले. राखेत टिटवीची फुटलेली अंडी आणि दोन घोरपडी सापडल्या. झऱ्याची तीनशे मीटर नळी वितळली आणि यात्रेच्या तोंडावर गावाला नऊ दिवस टँकरचं पाणी प्यावं लागलं. बायांनी यात्रेचा स्वयंपाक मोजून मापून केला.

आग राखीव वनात थोडी शिरली होती, त्यामुळे १९२७ च्या वन कायद्याखाली गुन्हा नोंदवला गेला. ते काम कायद्याप्रमाणे चालू आहे, त्यावर इथे लिहिणं योग्य नाही. पण भीतीपायी गेलेल्या त्या वीस मिनिटांबद्दल लिहिणं भाग आहे. तात्यांनी जाळ दिसताक्षणी हाक मारली असती तर चार माणसांनी पोत्यांनी तो बांधावरच मारला असता. ज्याच्या हातून आग सुटली तोच पहिला फोन करू शकतो, आणि तोच सर्वांत जास्त घाबरलेला असतो. दंडाच्या पाट्या लावताना हे कुणी लक्षात घेत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत मोठी चूक मला त्या दुपारची वाटत नाही, जानेवारीतली वाटते. जाळरेषा जळत नव्हती, तेव्हा आम्ही फक्त थांबलो. जळत नसेल तर ती विळ्याने कापून, गवत बाजूला ओढून काढता आली असती. मजुरी जास्त लागली असती, पण पट्टा मोकळा झाला असता. जाळणं हाच एक मार्ग आमच्या डोक्यात होता, कारण दरवर्षी तोच पुरत होता. आता समिती तारीख बघत नाही. डिसेंबरपासून दर आठवड्याला धारेवरच्या तीन ठिकाणची मूठभर गवताची काडी वाकवून बघतात. वाकली तर थांबायचं, कट्‌कन मोडायला लागली तर त्याच आठवड्यात पहाटे जाळायचं आणि दोन आठवडे वाट पाहूनही मोडली नाही तर कापायचं.

तरवा भाजण्याबद्दल गावात दोन बैठका झाल्या. बंद करा म्हणणारे होते. मला ते पटलं नाही, भात हेच इथल्या म्हाताऱ्या माणसांचं पोट आहे. ठरलं ते असं: आदल्या संध्याकाळी समितीला फोन, भाजताना सोबत दोन माणसं आणि दुपारचा वारा पडेपर्यंत तरव्यावर कुणीतरी बसून राहायचं. फोन करणाऱ्याला कुणी रागावणार नाही, हे देवळात सगळ्यांसमोर बोलून ठरवलं.

माणसांच्या बाबतीत बदल साधे आहेत. देवळाच्या घंटेचे तीन सलग टोले म्हणजे जिथे असाल तिथून परत. वर जाणाऱ्याचं नाव आणि वेळ वहीत, ती वही माझ्याकडे. सुती पूर्ण बाह्यांचा सदरा आणि बंद बूट नसलेला माणूस वर जात नाही. मुंबईहून आठवड्याच्या आत आलेला माणूस खाली पाण्यावर थांबतो, कितीही तगडा असला तरी. यावर तरुणांनी सर्वांत जास्त कुरकुर केली, तोपर्यंत त्या बावीस वर्षांच्या मुलाने उठून स्वतःची हकिकत सांगितली.

धुराचं आम्ही अजून काही करू शकलेलो नाही. तोंडाला बांधलेला गमछा बारीक कण अडवत नाही. एन-९५ मास्क कण अडवतो, पण कार्बन मोनॉक्साइड नाही, आणि चढावर तो लावून श्वास पुरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये अग्निशमनाचं काम कर्करोगकारक कामांच्या पहिल्या गटात घातलं. आमचे वनमजूर वर्षाला दहा-पंधरा वणवे छातीत घेतात. पाळीपाळीने माणसं बदलायची, वीस मिनिटांहून जास्त कुणी ज्वाळेसमोर राहायचं नाही, एवढाच उपाय सध्या आहे.

गावकरी स्वयंसेवकाला विमा नाही. त्या मुलाचं दवाखान्याचं बिल यात्रेच्या वर्गणीतून भरलं. यावर समितीने अर्ज दिला आहे.

झऱ्याची नवी नळी हातभर खोल चर खणून पुरली. देवराईच्या माथ्यावरचे ते सहाशे मीटर या वर्षी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात विळ्याने कापले. अवकाळी पाऊस याही वर्षी आला होता, बुडखा हिरवाच होता. तात्या स्वतः विळा घेऊन आले होते आणि कापलेलं गवत त्यांनी आपल्या गोठ्यामागे गंजीला रचलं.